कोणता कॅल्क्युलेटर घ्यावा?

प्रवेशाचे दिवस आले की पालक आम्हाला हमखास विचारतात, "मुलाला कॅल्क्युलेटर कोणता घेऊ?" बिबवेवाडीत हा विषय फार चालतो. अप्पर इंदिरानगरला विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, आणि इंजिनीअरिंगची मुले लोक मोबाइलवर बोलतात तशी कॅल्क्युलेटरवर बोलतात. एक म्हणतो, कॅसिओचा ८२ एमएस पुरे. दुसरा ९९१ ईएस प्लसशिवाय हात लावणार नाही. तिसऱ्याकडे ९९१ ईएक्स. तो स्प्रेडशीटही दाखवतो, क्यूआर कोडही काढतो.

आधी एक गोष्ट. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. बारावीला भौतिकशास्त्रात लॉग टेबल वापरायचे असते. म्हणून अकरावीतच महागडे यंत्र हाती देऊ नये, लॉग टेबलाची सवय मोडते. गेट परीक्षेतही स्वतःचा नेता येत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो. डिप्लोमाला मात्र प्रोग्रॅम न भरता येणारा चालतो. गंमत म्हणजे पुणे विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या पेपरांवर कॅल्क्युलेटरच्या जोडीला 'स्लाइड रूल'लाही परवानगी असल्याची सूचना वर्षानुवर्षे छापून येत असे. १९७२ साली एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि ती पट्टी गेली. आजच्या मुलांनी ती पाहिलेलीही नसते.

आता फरक. ८२ एमएसमध्ये साइन, कोसाइन, लॉग, घात, सांख्यिकी सगळे आहे. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला तेवढे भागते. मात्र त्यात समीकरण सुटत नाही, मॅट्रिक्स नाही, बायनरी नाही, कॉम्प्लेक्स संख्यांचा मोड नाही. इलेक्ट्रिकलच्या मुलाला एसी सर्किट करताना 'पोल' आणि 'रेक' या बटणांवर काम काढावे लागते. निघते, पण वेळ जातो. ९९१मध्ये हे सगळे आहे. ईएस प्लसवर अपूर्णांक आणि वर्गमूळ पुस्तकात असते तसेच दिसते, त्यामुळे आकडा चुकीचा दाबला तर लगेच कळतो. आमच्या मते खरा फायदा हाच, बाकीची शेकडो फंक्शने निम्मी मुले उघडतही नाहीत.

मर्यादा तिघांच्याही आहेत. ६९ फॅक्टोरियल येते, ७० दाबले की एरर, कारण उत्तर शंभर शून्यांच्या पुढे जाते. ६÷२(१+२) टाका: ईएक्स स्वतःच कंस घालून १ म्हणतो, गूगल ९ म्हणते. कंस आपणच घालावा, भांडण मिटते. आणि पडद्याच्या वर बारीक डी, आर, जी लिहिलेले असते त्याकडे बघावे. आर असताना साइन ३० केले तर उणे ०.९८८ येते. पेपरात अशाने पूर्ण गणिताचे गुण जातात, आणि मूल घरी येऊन सांगते, "अम्मी, सगळे बरोबर सोडवले होते."

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. काही घरांत भाईला ९९१ येतो आणि आपाला सांगतात, "त्याचाच वापर." अभ्यासाला ठीक आहे, पण दोघांचा पेपर एकाच वेळी असला तर? परीक्षेच्या हॉलमध्ये कॅल्क्युलेटरची देवाणघेवाण चालत नाही. एकच महागडा घेण्यापेक्षा दोन साधे घ्या. किंवा थोरल्या मुलीला ९९१ घ्या, नीट वापरला तर धाकट्यालाही पुरेल.

खरेदीला अप्पा बळवंत चौकात गेलात तर मुलाला किंवा मुलीला सोबत न्या. दुकानातच डिग्रीवर ठेवून साइन ३० करायला सांगा: ८२वर ०.५ दिसेल, ईएस प्लसवर एक छेद दोन. पक्के बिल घ्या आणि झाकणाच्या आत नाव लिहा.