बंदुकीचे मॅगझिन : वजन, टिकाऊपणा आणि हिशेब

संरक्षणखर्चाची चर्चा आपल्याकडे बहुधा विमाने, पाणबुड्या आणि रणगाडे यांच्याभोवतीच फिरते. कोट्यवधी रुपयांच्या या खरेदीत पायदळातील सैनिकाच्या अंगावरील एक लहानशी पेटी कोणाच्या ध्यानीमनीही नसते. रायफलीच्या पोटाशी बसणारी आणि स्प्रिंगच्या जोरावर एकेक काडतूस वर ढकलणारी ही पेटी म्हणजे मॅगझिन. रायफलीच्या मानाने तिची किंमत नगण्य; परंतु ऐन वेळी ती बिघडली, तर महागडी स्वयंचलित रायफल एकेक काडतूस हाताने भरावयाची नळी होऊन बसते. म्हणूनच ही पेटी हलकी असावी की टिकाऊ, हा प्रश्न दिसतो तेवढा क्षुल्लक नाही.

प्रथम वजनाचा विचार करू. ५.५६ मिलिमीटरचे एक काडतूस सुमारे १२ ग्रॅम भरते. तीस काडतुसांचे अमेरिकी धर्तीचे अ‍ॅल्युमिनियमचे मॅगझिन रिकामे असताना सुमारे ११० ग्रॅमचे, तर कलाश्निकोव्ह रायफलीचे पोलादी मॅगझिन सुमारे ३३० ग्रॅमचे असते. दोहोंतील काडतुसे भिन्न असल्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. तरीही ती बोलकी आहे. सैनिकाने अशी सात मॅगझिने बाळगली, तर केवळ रिकाम्या पेट्यांच्या वजनात दीड किलोचा फरक पडतो. दीड किलो म्हणजे ५.५६ मिलिमीटरची सव्वाशे काडतुसे! डोंगर चढणाऱ्या सैनिकाने पोलाद वाहावे की दारूगोळा, असा हा सरळ प्रश्न आहे. एक वस्तू घेताना दुसरी सोडावी लागते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा येथे शब्दशः पाठीवर बसतो.

मग सर्वांत हलके तेच का घेऊ नये? या प्रश्नाचे उत्तर सोव्हिएत रशियाच्या अनुभवात सापडते. कलाश्निकोव्हचे आरंभीचे पोलादी मॅगझिन सुमारे ४३० ग्रॅमचे होते. पत्रा पातळ करून व त्यावर दाबाच्या पन्हळी काढून पुढे ते ३३० ग्रॅमवर आणले गेले. १९६०च्या दशकाच्या आरंभी अ‍ॅल्युमिनियमचे सुमारे १९० ग्रॅमचे मॅगझिन निघाले. पण ते आदळआपटीत सहज चेपत असल्याने मागे घ्यावे लागले. अखेर पोलादाचा आधार दिलेले प्लास्टिकचे सुमारे २४० ग्रॅमचे मॅगझिन स्वीकारले गेले. हलकेपणाच्या वाटेवर दोन पावले पुढे टाकून एक पाऊल मागे घेण्याचा हा शहाणपणा होता.

अमेरिकेने अ‍ॅल्युमिनियमच पत्करले, परंतु त्यामागील कल्पना निराळी होती. तेथील हलके मॅगझिन ही काही काळ वापरून टाकून द्यावयाची वस्तू मानली गेली होती. व्यवहारात मात्र ते वर्षानुवर्षे वापरले गेले. मॅगझिनचे मर्म त्याच्या तोंडाच्या दोन कडांत असते. काडतूस कोणत्या कोनात वर येणार, हे त्याच ठरवितात. अ‍ॅल्युमिनियमच्या या कडा एकदा वाकल्या की वाकलेल्याच राहतात, आणि रायफल अडकू लागली की बोल मात्र रायफलीला लागतो. सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही यातील मेख चटकन उमगेल. नवी वस्तू मागविणे एक वेळ सोपे, जुनीचे निर्लेखन करणे महाकठीण!

प्लास्टिकचा स्वभाव आणखी वेगळा. ते गंजत नाही, चेपत नाही. धक्का बसला तरी पूर्ववत होते. पण सहनशक्तीची मर्यादा ओलांडली की ते वाकत नाही, तडकते. आणि कडाक्याच्या थंडीत ही मर्यादा फार अलीकडे येते. भारताला हा धडा कारगिलमध्ये मिळाला. पुण्यात पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने विकसित केलेली 'इन्सास' रायफल जुन्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीची जागा घेण्यासाठी आली होती. तिचे वीस काडतुसांचे प्लास्टिकचे मॅगझिन अर्धपारदर्शक होते. किती गोळ्या उरल्या, हे सैनिकास डोळ्यांनी दिसावे ही कल्पना उत्तमच होती. परंतु १९९९च्या युद्धात हिमशिखरांवर ही मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. हा पराभव प्लास्टिकचा नव्हता. अमेरिकेच्या मरीन दलाने २०१६मध्ये प्लास्टिकच्याच एका मॅगझिनला मान्यता दिली. अर्थात प्रश्न प्लास्टिक की धातू हा नसून, कोणते प्लास्टिक, कोणत्या हवामानासाठी आणि किती काळासाठी, हा आहे.

हलके हवे, टिकाऊ हवे आणि स्वस्तही हवे, ही मागणी आखूडशिंगी, बहुदुधी गाईसारखी आहे. तिन्ही गुण एकत्र मिळत नाहीत. कोणता किती सोडावयाचा, हे कोणीतरी ठरवावे लागते. आपल्या खरेदीपद्धतीत खरी उणीव येथे आहे. निविदांच्या तुलनात्मक तक्त्यात दराचा रकाना ठळक असतो. वस्तू किती काळ टिकेल आणि ती निकामी झाल्यास त्याची किंमत कोण मोजील, यास त्यात जागा नसते. मॅगझिनच्या बाबतीत ती किंमत कारखाना मोजत नाही आणि खरेदी करणारा अधिकारीही मोजत नाही. ती मोजतो चौकीवरचा जवान.

या विचाराला आज विशेष निकड आहे. 'इन्सास'ची जागा आता नव्या रायफली घेत आहेत. उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे एके-२०३ तयार करण्यासाठी २०२१मध्ये सहा लाखांहून अधिक रायफलींचा करार झाला. या रायफलीचे मॅगझिनही प्लास्टिकचेच आहे. त्याच वर्षी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. कारखाना आणि ग्राहक यांच्यातील नाते त्यामुळे निदान कागदोपत्री तरी व्यापारी झाले आहे. ग्राहकाचे हक्क बजावण्याची हीच वेळ होय.

त्यासाठी फार मोठ्या सुधारणांची गरज नाही. मॅगझिनची चाचणी रायफलीचे उपांग म्हणून न होता स्वतंत्रपणे, सियाचीनच्या थंडीत आणि राजस्थानच्या उन्हात व्हावी. प्रत्येक मॅगझिनचे आयुष्य ठरवून ते संपताच ते बिनबोभाट बाद करण्याचा अधिकार पलटणीच्या पातळीवर असावा. रायफलीची किंमत काढताना तिच्या आयुष्यात लागणाऱ्या सर्व मॅगझिनांची किंमत आरंभीच धरली जावी. यामुळे खर्च थोडा वाढलेला दिसेल, हे खरे. पण तो खर्च आजही होतच आहे. वहीत त्याची नोंद होत नाही, एवढेच.