हिरवी गोळी आणि साखरेचा मोतीबिंदू

औषधाच्या दुकानातली ती हिरवी, तेलकट गोळी आता घरोघरी ओळखीची झाली आहे. मुली ती फोडून चेहऱ्याला लावतात, केसांच्या तेलात घालतात. हल्ली मात्र बचत गटाच्या बैठकांत तिचं वेगळंच कौतुक ऐकू येतं. "ताई, थे हिरवी गोळी रोज घेतली त शुगरवाल्याले मोतीबिंदू होत नाही म्हन्ते." डॉक्टरांना विचारलं का? नाही. शेजारणीने आणली, म्हणून आपणही आणली.

ही गोळी म्हणजे 'ई' जीवनसत्त्व. या समजुतीत काहीच तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. रक्तातली साखर वाढली की ती डोळ्यातल्या भिंगातही शिरते. तिथे तिच्यापासून सॉर्बिटॉल नावाचा पदार्थ तयार होतो. तो सहजासहजी बाहेर पडत नाही, पाणी ओढून घेतो आणि भिंग फुगतं. भिंगातली प्रथिनंही हळूहळू बिघडतात. अंड्याचा पारदर्शक भाग शिजल्यावर पांढरा होतो ना, साधारण तसंच. म्हणून मधुमेह असणाऱ्यांना मोतीबिंदू इतरांपेक्षा काही वर्षं आधीच गाठतो. या बिघाडात ऑक्सिडीकरणाचाही हात असतो. तेल जुनं झालं की खवट होतं, ते याच क्रियेमुळे, आणि 'ई' जीवनसत्त्व तिला आवर घालतं. प्रयोगशाळेत मधुमेही उंदरांना ते दिल्यावर मोतीबिंदू लांबल्याचंही दिसलं आहे.

पण उंदीर आणि माणूस यांत फरक आहे. आपल्याच देशात, तामिळनाडूतल्या मदुराई भागात, ३५ ते ५० वर्षांच्या ७९८ जणांवर पाच वर्षं प्रयोग झाला. काहींना 'ई', 'क' आणि बीटा कॅरोटीन आठवड्यातून तीनदा दिलं, काहींना औषध नसलेली गोळी. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आला: मोतीबिंदू वाढण्यात दोन्ही गटांत फरक नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगांचंही उत्तर तेच. हे प्रयोग फक्त मधुमेहींवरचे नव्हते, हे खरं. पण गोळीने मधुमेहींचा मोतीबिंदू टळतो, असंही कोणी माणसांवर सिद्ध केलेलं नाही.

आणि गोळी निरुपद्रवी आहे, असंही समजू नका. अमेरिकेत हजारो पुरुषांना ती वर्षानुवर्षं रोज दिली, तेव्हा त्यांच्यात प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला. ही गोष्ट २०११ ची. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत जास्त मात्रा घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून सासऱ्यांना आपल्या मनाने ती सुरू करू नये. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात तर 'ई' जीवनसत्त्वाची चणचण नाहीच. सरकीच्या तेलात ते आहे, करडईच्या तेलात, शेंगदाण्यात आणि पालेभाजीतही आहे. (तेल मात्र मोजूनच हं!)

मला भीती गोळीची नाही, तिने मिळणाऱ्या खोट्या निश्चिंतीची आहे. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे, सरकारी दवाखान्यात ती मोफतही होते. पण साखरेने डोळ्याचा पडदा खराब केला, तर गेलेली नजर बहुधा परत येत नाही, आणि सुरुवातीला तो बिघाड दुखत नाही की जाणवतही नाही. बाई म्हणते, "मी गोळी घेते ना," आणि तपासणी राहून जाते. कापूस वेचणी झाली की जाईन, पोरीचं लग्न आटोपलं की जाईन, मोतीबिंदू पिकू दे मग बघू. आपल्याकडे बाईच्या डोळ्यांचा नंबर शेवटी लागतो. मोतीबिंदू पिकण्याची वाट बघायची तर आता गरजच नाही. काम अडू लागलं की शस्त्रक्रिया करता येते. साखर मात्र आधी आटोक्यात हवी.

तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची साखर तपासण्याचा कार्यक्रम गावागावांत आहे, आशाताई घरी येऊन बोलावतात. याच वेळी मधुमेह निघालेल्या प्रत्येकीला डोळे तपासायची तारीखही हातात द्यायला हवी. नुसती साखर सांगून परत पाठवणं अपुरं आहे. झरी जामणीच्या किंवा महागावच्या बाईने साखरेसाठी एक दिवस आणि डोळ्यासाठी दुसरा दिवस मजुरी बुडवायची, ही अपेक्षाच चुकीची. दोन्ही कामं एका फेरीत झाली, तरच ती येईल. ग्रामसभेत हा विषय आपणच काढला पाहिजे.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वर्षातून एकदा, बाहुली मोठी करणारं औषध टाकून, पडदा तपासून घ्यावा. चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल तर आधी साखर बघा, मग चष्मा करा. जाताना साखरेचे कागद घ्या आणि सोबत कोणीतरी न्या, कारण त्या थेंबांनी काही तास अंधूक दिसतं आणि परतीची एसटी एकटीने पकडणं अवघड जातं.