दोन आयतांची उन्हाळी बंडी

दोस्तांनो, परीक्षा संपली की दुपार केवढी लांब होते नाही? त्यातून आमच्या छत्रपती संभाजीनगरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. बाहेर खेळायची सोय नाही. तर या सुट्टीत आपण क्रोशाची बिनबाह्यांची बंडी विणू या. आणि मुलग्यांनो, ‘हे मुलींचं काम’ म्हणून पान उलटू नका हं! पैठणीच्या आणि हिमरूच्या मागावर पुरुषही विणायला बसतात.

क्रोशे हा शब्द फ्रेंच भाषेतला. त्याचा अर्थ छोटा आकडा. सुईच्या टोकाला तो आकडा असतो. माग नको, यंत्र नको. एक सुई आणि एक दोरा, बस्स!

साहित्य : मध्यम जाडीचा सुती दोरा साधारण २५० ग्रॅम, ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई, मोजपट्टी, कात्री, शिवायची जाड सुई. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बरेचदा ॲक्रिलिकची असते. ती घाम शोषत नाही, अंगाला चिकटते. सूत घाम शोषतं आणि तो वाळताना गारवा देतं. शिवाय कापूस आपल्या मराठवाड्याचाच! सगळा दोरा एकदम घ्या. वेगवेगळ्या लॉटच्या दोऱ्यांच्या रंगात फरक पडतो.

टाके दोनच : साखळी आणि खांब. सरकफास करून सुईवर घ्या. दोरा आकड्यात धरून फासातून ओढा, झाली एक साखळी. खांबासाठी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, सुई साखळीत घाला, दोरा ओढून बाहेर काढा. आता सुईवर तीन फास दिसतील. दोरा घेऊन दोन फासांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोन फासांतून काढा. झाला खांब! पहिले दोन दिवस एवढंच करा. टाके वेडेवाकडे आले तरी चालतील.

आधी नमुना, मग गणित : २० खांबांच्या १० ओळींचा छोटा तुकडा विणा. सपाट ठेवून मधोमध १० सेंटिमीटरमध्ये किती खांब आणि किती ओळी बसतात ते मोजा. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल, म्हणून दुसऱ्याचा आकडा आपल्याला चालत नाही. समजा, १६ खांब आणि ८ ओळी बसल्या. तुमची छाती ७० सेंटिमीटर असेल, तर सैलपणासाठी १० मिळवा. झाले ८०. पुढचा भाग ४०, मागचा भाग ४०. आता त्रैराशिक आठवा. १० सेंटिमीटरला १६ खांब, तर ४० ला ६४. उंची ४५ सेंटिमीटर हवी, तर ओळी ३६.

कृती : ६६ साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घ्या. सोडलेल्या तीन साखळ्या म्हणजेच एक खांब धरायचा. पुढे प्रत्येक साखळीत एक खांब. ओळ संपली की एकूण ६४ भरतील. मग ३ साखळ्या घालून काम फिरवा. त्या तीन साखळ्या पहिल्या खांबाच्या जागी, म्हणून अगदी पहिला खांब सोडून दुसऱ्यापासून सुरुवात करा. शेवटचा खांब खालच्या ओळीतल्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर घ्या. नवशिक्यांकडून नेमका हाच राहतो! मग ओळीगणिक एकेक खांब कमी होतो आणि आयताचा समलंब चौकोन होतो. म्हणून प्रत्येक ओळीनंतर ६४ मोजायचेच. चुकलं तर उसवा. क्रोशाची हीच तर गंमत आहे. कापड चुकीचं कापलं की गेलं, इथे दोरा जसाच्या तसा परत हातात येतो.

असे दोन आयत झाले की एकावर एक ठेवा. वरच्या कडेला दोन्ही बाजूंचे १२-१२ खांब खांद्यासाठी शिवा, मधले ४० गळ्याला मोकळे सोडा. पक्कं शिवण्याआधी टाचून, डोकं आत जातं का ते पाहा. मग खालून वर २८ सेंटिमीटर बाजू शिवा. उरलेले १७ सेंटिमीटर हातांसाठी. झाली बंडी! आत पातळ बनियन घालून मिरवा.

आता एक गणित राहिलं. ६४ गुणिले ३६, म्हणजे २३०४ खांब. दोन आयतांचे ४६०८. मिनिटाला ६ खांब धरले, तर ७६८ मिनिटं, म्हणजे जवळजवळ तेरा तास! यंत्रावर क्रोशासारखी दिसणारी जाळी निघते, पण खरं क्रोशाचं काम हातानंच होतं.

पैठणवरून जाणारी आपली गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळण्याआधी तिचे फाटे होतात. त्यातल्या एका फाट्याच्या काठी नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्या दिवसाचे कितीतरी तास विणत, पण ‘घरबसल्या फावल्या वेळचा उद्योग’ म्हणून हातात पडत अगदी थोडे पैसे. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला आपल्या पैठणीसारखंच भौगोलिक मानांकन मिळालं. कलेचं नाव झालं. पण हातांचं मोल कोण करणार? विकत घेणारे आपणच ना?

म्हणून पालकांनाही एक विनंती. मुलांना चार वेळा उसवू द्या, त्यांच्या हातातून सुई घेऊ नका. स्वतः ४६०८ खांब मोजलेलं मूल उद्या बाजारात हातानं विणलेल्या वस्तूपुढे उभं राहिलं, तर भाव करण्याआधी क्षणभर थांबेल.

चला तर मग, ६६ साखळ्या! आणि हो, मोजायला विसरू नका बरं का.