लाकूडफोड मशीन : टनांवर भाळू नका

साकोलीकडे टालावर चिंच-बाभळीचा गाठाळ ओंडका आला की घण-पाचरीने अर्धा दिवस जातो. ट्रॅक्टरवरचे मशीन घेऊ पाहणाऱ्या बांधवांनी मात्र विक्रेत्याच्या टनांच्या आकड्यावर भाळू नये. चार इंची सिलिंडर २०० बार दाबाला सुमारे १६ टन जोर देतो. पण दोन फूट पुढे सरकायला त्याला पाच लिटर तेल लागते. ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला २० लिटर देत असेल, तर नुसते जायलाच १५ सेकंद! म्हणून पैसे जास्त पडले तरी पी.टी.ओ.वर चालणारा वेगळा, मोठा पंप घ्यावा. फिरत्या स्क्रूचे मशीन स्वस्त पडते, पण लुंगी-गमछाही ओढून घेते. ते फुकटातही नको. पी.टी.ओ.च्या शाफ्टवर झाकण आहे ना, तेही पाहून घ्या.