माणिकगडची वाट आणि मुक्कामाचा प्रश्न

पावसाळा ऐन भरात आला की गडचांदूरजवळील अमलनाला धरणाच्या सांडव्यावर माणसांची रीघ लागते. चंद्रपूर, राजुरा, वणी, इतकेच काय तर सीमेपलीकडील आदिलाबादकडूनही मंडळी येतात, पाण्यात भिजतात, मक्याची कणसे खातात आणि अंधार पडण्यापूर्वी परततात. ज्या डोंगराचे पाणी या धरणात साचते त्या डोंगरावर माणिकगड उभा आहे, याची कल्पना त्यांपैकी पुष्कळांना नसते. ज्यांना असते तेही वर जाण्याचे टाळतात, कारण किल्ला नीट पाहायचा तर पहाटे निघावे लागते, आणि पहाटे निघायचे तर रात्री जवळपास कोठे तरी पाठ टेकावी लागते. परिसरात एखादे पर्यटक निवास बांधावे, ही मागणी येथूनच निघते. मागणी गैर नाही. मात्र ते निवास कोणाचे असावे, हा प्रश्न तिच्यासोबत क्वचितच विचारला जातो.

माणिकगड आज जिवती तालुक्यात मोडतो, पण त्याची वाट कोरपना तालुक्यातील गडचांदूरवरून जाते. नागवंशी माना राजांनी तो बांधला आणि माणिक्यादेवी या कुलदेवतेचे नाव त्याला दिले, अशी परंपरा आहे. पुढे तो चांद्याच्या गोंड राजांकडे आला. काळ्या पाषाणाची तटबंदी, प्रवेशद्वारावरील नागाची आकृती आणि आतली दाट झाडी, असे त्याचे आजचे रूप आहे. सह्याद्रीतील किल्ल्यांचा एकेक दगड बखरकारांनी आणि गिर्यारोहकांनी मोजला. त्या मानाने हा किल्ला उपेक्षितच राहिला. महाराष्ट्राच्या शालेय इतिहासात गोंड राज्याला किती ओळी मिळतात, हे शिक्षकांना सांगायला नको. विदर्भाबाहेर कोणी माणिकगडाचे नाव ऐकलेच असेल तर ते किल्ल्यामुळे नव्हे, पायथ्याच्या सिमेंट कारखान्यामुळे. १९८० च्या दशकात या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आले, ते येथील चुनखडीसाठी. गडचांदूरचे गाव त्यांच्यामुळे वाढले. तिथे उतरायला जागा मिळते. पण ते कारखान्याचे गाव आहे, डोंगराचे नव्हे.

हा मुलूख महाराष्ट्रात उशिरा सामील झाला, ही गोष्टही लक्षात घ्यावी लागेल. कोरपना आणि जिवती हे जुन्या राजुरा तालुक्याचे भाग. राजुरा निझामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर काही काळ नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. जिवतीच्या सीमेवरील चौदा गावांवर दोन राज्यांचा दावा आहे आणि तेथील मतदार दोन्हीकडच्या याद्यांत आढळतात. अशा प्रदेशात जमिनीचे कागद सरळ असतील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

आणि निवासाचा प्रश्न नेमका या कागदांपाशीच येऊन थांबतो. डोंगरावर तीन प्रकारचे लोक राहतात. गोंड आणि कोलाम हे पूर्वापार रहिवासी. कोलामांची गणना केंद्र सरकार विशेष दुर्बल आदिम जमातींत करते. तिसरे, १९६० आणि १९७० च्या दशकांत दुष्काळाला कंटाळून मराठवाड्यातून आलेले शेतकरी. त्यांत बंजारा आहेत, दलित आहेत, इतरही आहेत. त्यांनी माळ फोडला, कापूस-ज्वारी पिकवली, पण कसतात त्या जमिनीपैकी बरीचशी सरकारदप्तरी वन म्हणून नोंदलेली राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना दावा करण्याची वाट दिली. बिगर-आदिवासींसाठी मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथे वास्तव्य असल्याची अट घातली. ज्याचा बाप १९७० मध्ये बैलगाडीने डोंगर चढला, त्याने १९३० चा पुरावा कोठून आणावा? आदिवासीला पट्टा मिळाला तरी तो वारसाने पुढे जातो, विकता वा हस्तांतरित करता येत नाही. जमीन बाहेरच्यांच्या घशात जाऊ नये म्हणून हा निर्बंध योग्यच आहे, परंतु अशा जमिनीच्या तारणावर बँक कर्ज देण्यास कचरते.

महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. शेतकऱ्याने आपल्या शेतावर पाहुणे ठेवावेत, त्यांना चुलीवरची भाकरी वाढावी, शिवार दाखवावे, असा त्याचा आशय आहे. कल्पना उत्तम आहे. पुणे-नाशिककडे तिला फळेही आली. पण नोंदणीला शेतजमिनीच्या मालकीचा दाखला लागतो. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याला हे धोरण वर्तमानपत्रात वाचण्यापुरते. मग डोंगराच्या पायथ्याशी स्वच्छ कागदाची जमीन विकत घेऊन निवास उभारील तो कोण, हे सांगण्यास ज्योतिषी नको. याच जिल्ह्यातील ताडोबा त्याचे उदाहरण आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या त्या जंगलाभोवती, मोहर्ली आणि कोलाऱ्याच्या बाजूंना, महागड्या निवासांची रांग उभी राहिली. स्थानिक तरुणांना वाटाड्याचे आणि जिप्सी चालवण्याचे काम मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु रात्रीच्या मुक्कामाचा पैसा, जो सर्वांत मोठा असतो, तो बव्हंशी बाहेरच्या मालकाकडे जातो.

या डोंगररांगेत परका माणूस पाहुणा म्हणून राहिल्याची एक जुनी हकीकत येथे आठवते. १९४० मध्ये कुमराम भीम यांचा लढा जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबाराने मोडला गेला. गोंडांच्या असंतोषाचे कारण शोधण्याचे काम निझाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाकडे सोपवले. ते डाकबंगल्यात उतरले नाहीत. आज तेलंगणात असलेल्या मारलावाई या गोंड गावात ते पत्नीसह राहिले. गोंडी वाचनपुस्तके तेथे देवनागरीत तयार झाली, शिक्षक घडवले गेले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाती असतो. पण त्या पाहुण्याने सरकारला आग्रहाने सांगितले ते नृत्य-गाण्यांविषयी नव्हे, तर जमिनीच्या पट्ट्यांविषयी. असंतोषाचे मूळ तेथे आहे हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या पत्नीची समाधी मारलावाईलाच आहे.

दुसरी अडचण वाघाची. राजुऱ्याच्या जंगलात अनेकांचा जीव घेणारा एक वाघ २०२० च्या ऑक्टोबरात जेरबंद झाला. तेलंगणातील कावल व्याघ्र प्रकल्पाकडे जाणारे वाघ याच प्रदेशातून वाट काढतात. माणिकगडावर तरुणांच्या टोळीने कर्णा लावून फिरावे अशी ही जागा नव्हे. पायवाट कोणती, पाणवठा कोठे, तेंदूपानांच्या आणि मोहाच्या हंगामात कोणत्या बाजूला जाऊ नये, हे सांगणारा माणूस सोबत हवा, आणि तो वस्तीवरचाच असू शकतो. वन खात्याने एखादा फलक लावून ही जबाबदारी झटकू नये.

या माणसाला अधिकार कोठून यावा, याचे उत्तर शेजारच्या गडचिरोलीत मिळते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू कोणाला, किती आणि कोणत्या भावाने द्यायचा, ते ग्रामसभा ठरवू लागली. बांबूबाबत जे शक्य झाले ते वाटाड्याच्या शुल्काबाबत आणि दोन खोल्यांच्या निवासाबाबत अशक्य का मानावे? निवास ग्रामसभेच्या नावाने बांधला तर एकेका घराच्या सातबाऱ्याची अडचणही काही प्रमाणात ओलांडता येईल. मराठवाड्यातून आलेल्यांचा प्रश्न त्याने सुटणार नाही. त्यासाठी त्यांच्या ताब्यातील जमिनीच्या नोंदींचा निर्णय सरकारला स्वतंत्रपणे घ्यावाच लागेल, आणि तो आदिवासींच्या दाव्यांना धक्का न लावता घ्यावा लागेल. हे काम किचकट आहे. इमारतीचे भूमिपूजन त्या मानाने सोपे, म्हणून तेच आधी होण्याची भीती आहे.

पाहुणचाराची रीत मात्र डोंगराला कोणी शिकवण्याची गरज नाही. दिवाळीच्या दिवसांत दंडारीचे गट, मोरपिसांचे टोप घातलेल्या गुसाडींसह, या गावाहून त्या गावाला जातात. यजमान गाव त्यांना जेवू घालते, मुक्कामाला ठेवते आणि पुढे त्यांच्या गावी परतभेटीला जाते. त्या रात्री कोणाचा सातबारा कोणी तपासत नाही.