पडदा बंद ठेवून पाहा

१९९५ च्या डिसेंबरात संसदेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संमत केला. त्याच वर्षी पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रमण यांनी अमेरिकेत ‘ईमॅकस्पीक’ ही बोलकी संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली केली. कायदा पुढे सरकारदरबारी रुळला. रमण यांच्या कामाची मात्र महाराष्ट्राने म्हणावी तशी दखल घेतलेली नाही.

काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकून त्यांनी कॉर्नेलमधून डॉक्टरेट घेतली. त्या काळचे पडदावाचक दिसेल ते ओळीने वाचत. पडद्यावर कॅलेंडर उघडले की कानावर नुसते आकडे पडत: एक, दोन, तीन, चार. आज वार कोणता, हे त्यातून कळायचे नाही. ईमॅकस्पीक तारीख आणि वार मिळून सांगते, कारण ती पडदा वाचत बसत नाही; कॅलेंडरच्या आत काय आहे ते तिला ठाऊक असते. त्या कॅलेंडरची मूळ आज्ञावली खुली होती, म्हणूनच एका अंध माणसाला तिच्यात शिरून हे करता आले. लिनक्ससारख्या खुल्या प्रणालींचे मोल मला इथे दिसते.

पण पडदा बदलला की अंध माणूस मागे पडतो, हेही तेव्हापासून चालत आले आहे. डॉसची साधी अक्षरे जाऊन चित्रांच्या खिडक्या आल्या, तेव्हा हे घडले. लिनक्सवर ‘ऑर्का’ हा पडदावाचक २००६ मध्ये ‘ग्नोम’ या डेस्कटॉपचा भाग झाला आणि जरा स्थैर्य आले. मग खिडक्या पडद्यावर मांडणारी ‘वेलँड’ ही नवी व्यवस्था आली. जुन्या व्यवस्थेत एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कळा दाबू शकत असे आणि आवाजी हुकमाची साधने त्यावरच चालत. सुरक्षेसाठी ती वाट बंद झाली. कारण रास्तच होते, पण साहाय्यक साधनांसाठी वेगळे दार आधी ठेवायला हवे होते. ते ठेवले नाही, हा मला अन्याय वाटतो.

२०२२ मध्ये बोललेले मजकुरात उतरवणारे ‘व्हिस्पर’ खुले झाले आणि इंटरनेटशिवाय, स्वतःच्याच यंत्रावर मराठी बोलून लिहिणे आवाक्यात आले. तरी मजकूर सांगणे हे अर्धेच काम. लिहिलेले तपासायचे कानानेच. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक यंत्राच्या आवाजात सहज निसटतो. मग बाण-कळ दाबत एकेक अक्षर ऐकावे लागते. अर्जातल्या एका शब्दासाठी डोळस कारकून इतका वेळ कधी देतो का?

हा प्रश्न आपल्या कार्यालयांचाही आहे. नागपुरात सदरच्या रेसिडेन्सी रोडवर आणि आसपास बँका नि कार्यालये यांची दाटी आहे. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या नव्या कायद्याने सरकारी नोकरीत अपंगांना किमान ४ टक्के जागा दिल्या. त्यांतली १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांची. जागा भरली की टेबलावर संगणक येतो, पण तो त्या माणसाला चालवता येतो का, हे खरेदीआधी कुणी विचारत नाही. सदरमधल्या प्रत्येक कार्यालयप्रमुखाला विनंती आहे: पुढच्या निविदेत एक अट घाला. पडदा बंद ठेवून, अंध कर्मचाऱ्याने केवळ कानाच्या आधारे पत्र लिहून, तपासून, पाठवून दाखवल्याशिवाय बिल मंजूर करू नका.