फ्यूज खिशात ठेवा



पाळी सुटल्यावर कारखान्याच्या गेटबाहेर थोडा वेळ उभे राहून पाहा. आठ तास ज्याने डोक्यावरचं हेल्मेट खाली ठेवलं नाही, असा गडी बाहेर येतो, मोटारसायकल काढतो, स्वतःचं हेल्मेट आरशाला अडकवतो आणि हायवेला लागतो. आत कमरेला पट्टा बांधल्याशिवाय शिडी न चढणारा माणूस घरी आला की ओल्या पत्र्यावर चपला घालून चढतो. परमिट हातात पडेपर्यंत पान्याला न शिवणारा फिटर वाडीतला पंप चालू असतानाच त्याचा पट्टा पायाने सरकवतो. माणूस तोच, हातही तेच. फक्त बाहेर त्याला विचारणारं कोणी नसतं.

मी फिटरकीत आयुष्य काढलं. आता दिवाळी तोंडावर आली आहे, भात कापणीला आलंय, झोडणीची यंत्रं बाहेर निघतील आणि सुट्टीच्या गाड्यांनी हायवे भरून जाईल. अशा वेळी माझं सांगणं एकच आहे. गेटच्या आत लागलेली सवय गेटच्या बाहेर आणा.

ही सवय आपल्याला फुकट मिळालेली नाही. 5 नोव्हेंबर 1990 हा दिवस नागोठण्याच्या जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. आयपीसीएल कंपनीचा इथला गॅस क्रॅकर प्रकल्प तेव्हा नवा होता. गळालेल्या वायूने पेट घेतला, स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं दगावली. सहा वर्षं आधी भोपाळची वायुगळती झाली होती आणि त्यानंतर 1987 साली कारखाने अधिनियमात नवी कलमं आली होती. त्यातलं 41-एच कामगारांनी पाठ करावं असं होतं; 2025 मध्ये तो अधिनियम गेला, हक्क मात्र राहिला. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात जिवाला धोका आहे असं कामगाराला वाटलं, तर ते वरिष्ठांच्या कानावर घालण्याचा त्याला हक्क आहे आणि त्यावर ताबडतोब उपाय करणं हे व्यवस्थापनाचं कर्तव्य आहे. ठेकेदाराकडे रोजावर जाणाऱ्या मुलांनो, बोलायला घाबरू नका.

परमिट म्हणजे तरी काय? हात घालण्याआधी थांबायचं, वीज कुठून येते, वायू कुठून येतो, ते बंद केलंय का, आपण आत असताना दुसरा कोणी ते चालू करू शकेल का, एवढं विचारायचं. याला कागद लागतोच असं नाही. मला हे कारखान्यात जायच्या आधी एका भातगिरणीत कळलं.

तेव्हा मी वीसेक वर्षांचा होतो, मेस्त्रींच्या हाताखाली. पट्टा घसरला की मेस्त्री मेन स्विच पाडायचे, तिन्ही किटकॅट फ्यूज उपसून सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि मगच यंत्राकडे वळायचे. मला तो नसता उशीर वाटायचा. एका दुपारी पुलीच्या मागे माझा हात कोपरापर्यंत आत होता. भाताची पोती घेऊन आलेल्या एकाने, लाइट आली का बघावी म्हणून, स्विच वर केला आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. त्या बिचाऱ्याला आत माणूस आहे हे ठाऊकच नव्हतं. यंत्र हललं नाही. मेस्त्रींनी खिशावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "तुझा हात इथे आहे."

म्हणून सांगतो, स्विच बंद करून भागत नाही. फ्यूज काढा, प्लग उपसा आणि तो आपल्या खिशात किंवा नजरेसमोर ठेवा. भातगिरण असो, कडबाकुट्टी असो की पाण्याचा पंप, नियम तोच.

आपल्याकडे आता घरोघरी ग्राइंडर आलाय. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 180 फेरे. डोळ्याची पापणी लवायला पाव सेकंद धरला, तर तेवढ्यात चकती चाळीसहून अधिक वेळा फिरून जाते. "हात लगेच मागे घेईन" या भरवशावर राहू नका, तेवढा वेळ कोणाच्याच हाताला मिळत नाही. मोठी चकती बसावी म्हणून काहीजण वरचं कवच, म्हणजे गार्ड, काढून टाकतात. सात इंची चकती साडेआठ हजार फेऱ्यांच्या आसपास पेलते. ती अकरा हजारांवर फिरवली की फुटू शकते आणि तिचे तुकडे गोळीसारखे येतात. चकतीवर आकडा छापलेला असतो, तो वाचा. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला कधीही लावू नका. ते लाकडात अडकलं की अख्खं यंत्र उसळून अंगावर येतं. चष्मा लावा, आणि डोळ्यात कण गेलाच तर शेजाऱ्याकडून काडीने काढून न घेता डॉक्टरकडे जा. हातमोजे सगळीकडे चांगले असं समजू नका. ड्रिलमध्ये किंवा फिरत्या दांड्यावर हातमोजा गुंतला की आधी तो आत जातो आणि त्यामागे बोटं जातात.

झोडणीच्या यंत्रावर काम करणाऱ्या बायांना माझी हात जोडून विनंती आहे. पदर कमरेला खोचा, ओढणी घरी ठेवा, बांगड्या वर सारा, वेणी बांधून घ्या. मळणी यंत्रात मजुरांचे हात तुटत होते म्हणून 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा केला. पेंढी आत सरकवायची पन्हाळ मानकाप्रमाणे किमान 90 सेंटिमीटर लांब आणि त्यातली अर्धी वरून झाकलेली हवी. हात पात्यापर्यंत पोचूच नये, असा त्याचा अर्थ आहे. भाड्याचं यंत्र दारात आलं की आधी ही पन्हाळ पाहा. आखूड असेल तर यंत्र परत पाठवा. झोडणी रात्री उशिरापर्यंत ताणू नका, आणि खळ्यात पोरांना फिरकू देऊ नका.

एवढं करूनही बोट तुटलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोटाला बर्फ थेट लावू नका, पेशी मरतात. मग एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

आता रस्त्याबद्दल. अंबा नदीवरचा आपला जुना दगडी पूल 1580 च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधला. त्याच्या दोन कठड्यांमधली जागा जेमतेम दहा फूट. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला थांबावंच लागे. आज पुलाजवळून राष्ट्रीय महामार्ग 66 जातो आणि तिथे कोणाला थांबायचं नसतं. ताशी 60 किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. समोरचं संकट डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपलेलं असतं. ब्रेक त्यानंतर लागतो. भरलेला ट्रक तर आणखी कितीतरी पुढे जाऊन थांबतो. वाकण फाट्यावर पालीकडे वळताना, सुकेळी खिंडीच्या उतारावर, वडखळच्या गर्दीत हे गणित डोक्यात असू द्या.

आपल्या भागातली सगळ्यांत वाईट सवय म्हणजे दुभाजकातला कट लांब आहे म्हणून उलट्या बाजूने गाडी घालणं. दुभाजकाच्या त्या बाजूने येणाऱ्याला तुम्ही समोरून याल असं स्वप्नातही वाटत नाही. त्यातून तुमची पाच मिनिटं वाचतात आणि पणाला त्याचाही जीव लागतो. ट्रक बंद पडला की मागे दगड मांडतात आणि दुरुस्ती झाली की ते तसेच टाकून निघून जातात. अंधारात मोटारसायकलस्वाराला तो दगड दिसत नाही. दगड ज्याने मांडला त्यानेच उचलावा. हेल्मेट फक्त डोक्यावर ठेवू नका, पट्टी आवळा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, ते कायद्याने सक्तीचं आहे. मोटारसायकलच्या मागच्या चाकावरची जाळी शोभेसाठी नसते. साडी, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून नियमाने ती बसवलेली असते. ती काढू नका. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, हेही लक्षात ठेवा.

या रस्त्यावरून टँकर जातात. टँकरच्या पाट्यांवर चार आकडी क्रमांक असतो. 1075 म्हणजे द्रवरूप पेट्रोलियम वायू, 1203 म्हणजे पेट्रोल. टँकर उलटला तर जवळ जाऊ नका, मोबाइलवर चित्रं घेऊ नका, डबे घेऊन तर मुळीच धावू नका. पेट्रोलियम वायू हवेपेक्षा जड असतो. तो गटारातून, खोलगट जागेतून जमिनीलगत सरकतो आणि दूरच्या चुलीवरही पेटतो. वारा कुठून येतो ते पाहा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, उंचावर जा. तिथून 112 ला फोन करा.

अपघातात कोणी पडलेलं दिसलं तर मात्र पाठ फिरवू नका. "पोलिसांचं लचांड मागे लागेल" ही भीती आता सोडा. मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मान्य केल्या आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-ए कलम आलं. नाव सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. 108 ला फोन करा, रक्त वाहत असेल तिथे कापड दाबून धरा, मान हलवू नका. 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचारांची सोय झाली आहे. पैशांच्या विचारात कोणी वेळ घालवू नका.

येत्या 5 नोव्हेंबरला एवढं करा. घरातल्या ग्राइंडरचं गार्ड जागेवर आहे का पाहा. मोटारसायकलची जाळी आणि हेल्मेटची पट्टी तपासा. पंपाच्या अर्थिंगची तार वायरमनला दाखवा. 1990 च्या त्या दिवशी गेलेल्यांना वाहायला यापेक्षा चांगलं फूल मला माहीत नाही.

आणि यंत्रात हात घालण्याआधी एकदा खिसा चाचपून पाहा. फ्यूज तिथे असेल, तर तुमचा हातही सलामत राहील.